माल्टीज क्रॉस: आठ टोकांचे एक चिन्ह आणि त्याला चिकटलेले अर्थ

दर्यावर्दी (धागाकर्ता)

प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्रावर, महागड्या स्विस घड्याळाच्या तबकडीवर, माल्टाच्या युरो नाण्यावर आणि जुन्या सिनेमा प्रोजेक्टरच्या पोटात एकच आकार आढळतो, तेव्हा त्यांचे परस्परांशी नाते काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. माझे मत आधीच सांगतो: आकार आधी आला आणि अर्थ मागाहून, प्रत्येकाने आपापल्या सोयीने, त्यात भरले. त्यामुळे "या आठ टोकांचा खरा अर्थ काय?" असे विचारण्यापेक्षा "कोणता अर्थ कोणी, केव्हा दिला?" असे विचारल्यास हाती अधिक लागते.

प्रथम आकाराविषयी. माल्टीज क्रॉसला चार भुजा असतात. प्रत्येक भुजा मध्यबिंदूपाशी निमुळती असून बाहेर रुंदावत जाते आणि तिच्या बाहेरच्या कडेला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते. या खाचेमुळे प्रत्येक भुजेला दोन टोके मिळतात आणि एकूण आठ टोके होतात. खाच नसेल, म्हणजे बाहेरची कड सरळ किंवा गोलसर असेल, तर तो क्रॉस दुसऱ्या कुळातला. हा भेद पुढच्या चर्चेत वारंवार लागेल.

अकराव्या शतकात इटलीतील अमाल्फी बंदराच्या व्यापाऱ्यांनी जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी रुग्णालय काढले. त्या रुग्णालयाची सेवा करणाऱ्या बंधुसंघाला १११३ मध्ये पोप दुसरे पास्काल यांनी मान्यता दिली. हाच संत जॉनचा संघ. पुढे तो लष्करी झाला, पवित्र भूमी हातची गेल्यावर ऱ्होड्स बेटावर गेला, तिथून १५२२ मध्ये ऑटोमन सुलतान सुलेमानने त्याला हुसकावले आणि १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्याला माल्टा दिले. मोबदला म्हणून वर्षाला एक बहिरी ससाणा द्यायचा, असे ठरले. धर्मयुद्धांच्या (क्रुसेड्सच्या) काळात संघातील लढवय्या सरदारांच्या काळ्या झग्यावर पांढरा क्रूस असे, पण तो साधाच असे. आज आपण ओळखतो तो आठ टोकांचा रेखीव आकार सोळाव्या शतकात पक्का होताना दिसतो. खुद्द माल्टावरचा त्याचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे १५६५ चा तुर्की वेढा परतवणाऱ्या ग्रँड मास्टर (संघप्रमुख) ला व्हालेत यांची १५६७ सालची तांब्याची तारी नाणी.

आता अर्थांकडे. रूढ स्पष्टीकरण असे की आठ टोके म्हणजे संघाच्या आठ 'भाषा', अर्थात प्रांतवार गट: प्रोव्हान्स, ऑव्हेर्न, फ्रान्स, इटली, अरागॉन, इंग्लंड, जर्मनी आणि कॅस्टिल-पोर्तुगाल. ऐकायला हे चपखल वाटते. परंतु कॅस्टिल-पोर्तुगालचा गट अरागॉनपासून वेगळा झाला १४६२ मध्ये. त्यापूर्वी गट सातच होते. पुढे १५४० मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने आपल्या राज्यातील संघ बरखास्त केला आणि इंग्रजी गट नावापुरता उरला. म्हणजे ज्या काळात हा आकार नाण्यांवर, तटांवर आणि तोफांवर कोरला जात होता, त्याच काळात आठांपैकी एक गट कागदावरच होता. दुसरे स्पष्टीकरण धार्मिक आहे: आठ टोके म्हणजे येशूच्या डोंगरावरील प्रवचनातले आठ धन्योद्गार, आणि चार भुजा म्हणजे विवेक, न्याय, धैर्य व संयम हे चार सद्गुण. तिसरे इंग्लंडमधले. तिथे १८७७ मध्ये सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्या परंपरेत आठ टोके म्हणजे प्रथमोपचारकाचे आठ गुण ठरले. निरीक्षणशक्ती, व्यवहारचातुर्य, हाताशी असेल त्यातून मार्ग काढण्याची हुशारी, हातांचे कौशल्य, सूचना देण्यातील स्पष्टता, आधी काय आणि मग काय याचा विवेक, चिकाटी आणि सहानुभूती, अशी ती यादी. मला स्वतःला ही तिसरी यादी सर्वांत आवडते, कारण तिच्यात गूढ काही नाही आणि रस्त्यावर जखमी माणूस पडलेला असताना ती खरोखर उपयोगी पडते.

या चिन्हाचे इतर उपयोग जाणकारांनी भर घालून सांगावेत, यासाठी हा धागा.

माळावरचा वाटसरू

उत्तम धागा. एक शंका आहे. माल्टाच्या राष्ट्रध्वजावर कोपऱ्यात जो क्रॉस आहे, तो हाच ना?

दर्यावर्दी

नाही, आणि ही गल्लत फार जणांची होते. ध्वजावरचा आहे तो जॉर्ज क्रॉस. दुसऱ्या महायुद्धात इटली आणि जर्मनीच्या विमानांनी माल्टावर प्रचंड बॉम्बवर्षाव केला. तिथल्या जनतेच्या धैर्याबद्दल ब्रिटनच्या सहाव्या जॉर्ज राजाने १५ एप्रिल १९४२ रोजी अख्ख्या बेटाला हे पदक दिले. १९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हाही ते ध्वजावर राहिले. आठ टोकांचा क्रॉस पाहायचा असेल तर माल्टाच्या व्यापारी जहाजांचे निशाण पाहावे किंवा तिथली एक आणि दोन युरोची नाणी. सरदारांचा संघ आजही रोममध्ये आहे, पण त्याच्याही मुख्य ध्वजावर साधा पांढरा लॅटिन क्रूस असतो. आठ टोकांचा क्रॉस त्याच्या सेवाकार्याच्या निशाणावर असतो. इटालियन नौदलाच्या ध्वजावर मात्र चार जुन्या सागरी नगरांच्या चिन्हांमध्ये अमाल्फीचे चिन्ह म्हणून निळ्या चौकटीत पांढरा माल्टीज क्रॉस आहे. ज्या व्यापाऱ्यांनी ते मूळ रुग्णालय काढले, त्यांचेच हे गाव.

पलटणीतला

पदकांचा विषय निघालाच आहे, तर व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिश शौर्यपदकाबद्दल लिहितो. १८५६ च्या ज्या राजाज्ञेने हे पदक सुरू झाले, तिच्यात त्याचे वर्णन चक्क 'कांस्याचा माल्टीज क्रॉस' असे आहे. प्रत्यक्ष पदक हातात घेऊन किंवा नीट छायाचित्रात पाहिले, तर भुजांच्या बाहेरच्या कडा सरळ आहेत आणि खाच कुठेच नाही. म्हणजे धागाकर्त्यांच्या व्याख्येनुसार ते माल्टीज नव्हेच. तरीही राजाज्ञेत जे लिहिले गेले ते गेले.

हे पदक आपल्यापासून दूरचे नाही. भारतीय सैनिकांना ते मिळण्याची तरतूद १९११ मध्ये झाली. मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन जवानांनी ते दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर मिळवले. माणगाव परिसरातील यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आपल्या तुकडीतले बहुतेक साथी पडल्यानंतर एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि तिथेच त्यांना वीरमरण आले. नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेले आणि मग शत्रूची ठाणी उडवली.

खऱ्या आठ टोकांचा क्रॉस भारतीय लष्करात पाहायचा असेल, तर गढवाल रायफल्सचा बिल्ला पाहावा. ब्रिटिश रायफल पलटणींच्या टोपीवर माल्टीज क्रॉस लावण्याची पद्धत होती, तिचाच तो वारसा. आता त्यासोबत अशोकचिन्ह आहे. याच रेजिमेंटच्या दरवानसिंग नेगी आणि गब्बरसिंग नेगी यांना पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बिल्ल्यावर अस्सल माल्टीज आणि छातीवर केवळ नावाचा, असा हा योग.

माळावरचा वाटसरू

मग जर्मनांचे आयर्न क्रॉस हे पदक? तेही याच कुळातले म्हणून मोटारसायकलवाल्यांच्या जाकिटांवर मिरवले जाते.

पलटणीतला

आयर्न क्रॉसलाही खाच नसते, त्यामुळे तो वेगळा. जर्मनांच्या बाजूचे खरे माल्टीज पदक म्हणजे प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने १७४० मध्ये सुरू केलेले 'पूर ल मेरीत'. निळा मुलामा दिलेला आठ टोकांचा क्रॉस आणि भुजांच्या मधल्या जागांत गरुड. पहिल्या महायुद्धातील वैमानिकांमुळे ते जगभर माहीत झाले. जाकिटांवर माल्टीजच्या नावाखाली जे विकले जाते, त्यातले बहुतांश आयर्न क्रॉसच असतात.

घंटागाडी

अमेरिकेतील अग्निशमन दलांच्या बिल्ल्यावरही माल्टीज क्रॉस असतो. त्याची कथा अशी वाचली आहे की धर्मयुद्धात शत्रूने नाफ्त्याने, म्हणजे ज्वालाग्राही तेलाने, भरलेली मडकी फेकली आणि त्यांवर पेटते पलिते टाकले. तेव्हा संत जॉनच्या सरदारांनी जळणाऱ्या साथीदारांना आगीतून ओढून काढले आणि म्हणून हे चिन्ह अग्निशामकांना मिळाले. धागाकर्त्यांनी ही गोष्ट का वगळली?

दर्यावर्दी

मुद्दाम वगळली. युद्धात नाफ्त्याचा वापर होत असे, हे खरे आहे. पण त्या प्रसंगापासून अमेरिकी अग्निशमन दलापर्यंतची साखळी जोडणारा पुरावा कोणी देत नाही. बिल्ल्यांच्या माहितीपत्रकात मात्र ही कथा हमखास छापलेली असते. कथेतील सरदारांच्या झग्यावर त्या काळी साधा क्रूस होता, ही अडचण निराळीच. शिवाय त्या बिल्ल्याचा आकार पाहा: भुजांच्या बाहेरच्या कडा गोलसर फुगीर आहेत, खाच नाही. अनेक जण त्याला संत फ्लोरियनचा क्रॉस म्हणतात. हा फ्लोरियन अग्निशामकांचा पालक संत मानला जातो. परंपरेनुसार रोमन अमलात, साधारण ३०४ मध्ये, आजच्या ऑस्ट्रियातील एन्स नदीत त्याला बुडवून मारले गेले. त्याच्याशी नाते सांगणे अधिक सरळ आहे. अर्थात, ज्या दलांनी पिढ्यान्‌पिढ्या तो बिल्ला माल्टीज म्हणून छातीवर लावला, त्यांच्यापुरता तो अर्थ आता खरा झालेला आहे, हेही मी मान्य करतो.

तंबूतला ऑपरेटर

धागाकर्त्यांनी प्रोजेक्टरचा नुसता उल्लेख करून सोडून दिला आहे. मी टुरिंग टॉकीजमध्ये आणि नंतर तालुक्याच्या थिएटरात यंत्र चालवले आहे, त्यामुळे तेवढा भाग सविस्तर लिहितो.

पडद्यावरचे चित्र हलते दिसावे यासाठी फिल्म अखंड सरकून चालत नाही. तशी सरकली तर पडद्यावर नुसता धूसर पट्टा दिसेल. प्रत्येक चौकट क्षणभर स्तब्ध उभी राहिली पाहिजे आणि मग झटक्यात पुढची तिच्या जागी आली पाहिजे. हे काम माल्टीज क्रॉस करतो. पोलादाच्या छोट्या चकतीला चार खाचा असतात. तिच्या शेजारी एक चाक अखंड फिरते आणि त्याच्या कडेला एक पिन असते. ही पिन चाकाच्या प्रत्येक फेरीत एकदा खाचेत शिरते, क्रॉसला बरोबर पाव फेरी फिरवते आणि बाहेर पडते. पिन बाहेर असताना चाकाचा फुगीर भाग क्रॉसच्या अंतर्वक्र कडेत घट्ट बसलेला असतो, त्यामुळे क्रॉस तसूभरही हलू शकत नाही. आता आकार डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक भुजेच्या मधोमध पिनेची खाच असल्याने भुजेला दोन टोके येतात, आणि दोन भुजांच्या मधली जागा त्या अंतर्वक्र कडेने खोदलेली असते. आठ टोके आपोआप तयार होतात. इथे कोणीही नक्षी म्हणून क्रॉस काढलेला नाही.

क्रॉसच्या आसावर सोळा दात्यांचे चक्र असते. पाव फेरीत चार दाते पुढे जातात. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीला चारच छिद्रे असतात, म्हणून एका झटक्यात नेमकी एक चौकट सरकते. सेकंदाला २४ चौकटी म्हणजे पिनेचे चाक मिनिटाला १४४० फेऱ्या घेते. त्यातल्या प्रत्येक फेरीचा पाव भाग हालचालीचा आणि पाऊण भाग विश्रांतीचा. हालचालीला मिळतो सेकंदाचा साधारण शंभरावा हिस्सा, आणि तेवढ्या वेळात शटरचे पाते प्रकाश अडवून धरते. शटरची वेळ जराशी चुकली, तर शीर्षकांतील पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली दुधट शेपट्या फुटतात. जाणकार ऑपरेटर श्रेयनामावली सुरू होताच तेवढे पाहून घेत असे. क्रॉस झिजला की चित्र पडद्यावर थरथरू लागते. म्हणून तो तेलाने भरलेल्या बंद पेटीत चालतो आणि त्या तेलाची पातळी हा आमच्या रोजच्या पाहणीतला पहिला विषय असे. जत्रेच्या तंबूत धूळ इतकी उडते की तेलात माती गेली का, हे बोटांवर थेंब चोळून पाहावे लागे.

जर्मनीत ऑस्कर मेस्टर यांनी १८९६ मध्ये ही रचना प्रोजेक्टरमध्ये आणली. पुढे डिजिटल प्रक्षेपण येईपर्यंत शतकभर जगातल्या बहुतेक थिएटरांमध्ये तीच राहिली.

घंटागाडी

फार सुंदर माहिती. पण मग घड्याळाशी तिचा काय संबंध?

दर्यावर्दी

सख्खा संबंध आहे. या रचनेला जिनिव्हा यंत्रणा म्हणतात, कारण तिचे मूळ स्विस घड्याळांत आहे. चावीच्या घड्याळातील मुख्य स्प्रिंग प्रमाणाबाहेर गुंडाळली जाऊ नये, म्हणून तिच्या डबीवर क्रॉसच्या आकाराचे छोटे चाक बसवत. त्याच्या एका भुजेची कड मुद्दाम बाहेर फुगलेली ठेवलेली असे. ठरावीक फेऱ्या झाल्या की फिरणारे बोट त्या फुगीर भुजेवर अडे आणि चावी थांबे. वाशरों कॉन्स्टांटिन या जिनिव्हातील घड्याळ कंपनीने १८८० मध्ये माल्टीज क्रॉस आपले बोधचिन्ह केले, ते याच सुट्या भागाच्या आकारावरून. तबकडीवरच्या त्या चिन्हाचा माल्टाच्या सरदारांशी संबंध नाही, हे पुष्कळ मालकांना ठाऊक नसते.

काचपट्टी

पॅथॉलॉजीत काम करताना आम्हांला दोन निरनिराळे माल्टीज क्रॉस भेटतात.

पहिला प्रकाशाचा खेळ आहे. एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवीकारकांमधून (प्रकाशलहरी एकाच दिशेत कंप पावू देणाऱ्या गाळण्यांमधून) स्टार्चचा कण पाहिला, की उजळ कणावर काळा क्रॉस उमटतो. घरी बटाटा कापून सुरीवरचा पांढुरका थेंब काचपट्टीवर घेतला तरी पुरे. कणातील रचना केंद्रापासून बाहेर किरणांसारखी पसरलेली असते. ज्या दिशा ध्रुवीकारकांच्या दिशांशी जुळतात, तिथे प्रकाश पोहोचत नाही आणि काळ्या भुजा दिसतात. बटाट्याच्या कणात हे केंद्र एका बाजूला सरकलेले असते, त्यामुळे क्रॉसही तिरपागडा दिसतो. रुग्णाच्या लघवीत असे क्रॉस दाखवणारे मेदबिंदू सापडले, तर ते नेफ्रोटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या विकाराकडे बोट दाखवतात. मात्र हातमोज्यांच्या भुकटीतला स्टार्चही तसाच चमकतो, म्हणून नवख्या तंत्रज्ञाला आधी ते शिकवावे लागते.

दुसरा क्रॉस रक्तातला. गोचिडांमुळे पसरणाऱ्या बबेसिया या परजीवीची चार पिल्ले तांबड्या पेशीत टोकाला टोक लावून बसतात आणि क्रॉस दिसतो. वर्तुळाकार अवस्थेत हा परजीवी मलेरियासारखाच भासतो, पण मलेरियाचे तपकिरी रंगद्रव्य त्यात नसते. चौकडी क्वचितच सापडते, परंतु सापडली की शंका उरत नाही.

गोठा

पशुवैद्यकातून एक पुरवणी. घोड्यांच्या रक्तात थायलेरिया इक्वाय हा परजीवी अशीच चौकडी करतो. आपल्याकडच्या गाईंना गोचिडांपासून लाल लघवीचा जो आजार होतो, त्यातल्या बबेसिया बायजेमिनाच्या मात्र नाशपातीच्या आकाराच्या जोड्या दिसतात. गाईच्या रक्तात क्रॉस शोधत बसण्यात अर्थ नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहीत आहे. पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवरचा लाल क्रॉस इथे अनेक जण माल्टीज म्हणून दाखवतात. तो ख्रिस्त संघाचा क्रॉस आहे. टेम्पलर या धर्मयुद्धकालीन सरदारांचा संघ मोडल्यावर त्यांच्या पोर्तुगालमधील मालमत्तेवर दिनीश राजाने १३१९ मध्ये तो संघ उभा केला. त्याच्या भुजा सरळ जाऊन टोकाशी रुंदावतात आणि आत पांढरा क्रूस असतो. पोर्तुगाल आणि माल्टा यांचा दुवा खरा आहे, पण तो निराळा: अठराव्या शतकात व्हिल्हेना आणि पिंतो हे पोर्तुगीज सरदार माल्टाचे ग्रँड मास्टर होते. कॅस्टिल-पोर्तुगाल गटाच्या ज्या वाड्याला पिंतोंच्या काळात आजचे रूप मिळाले, तिथे आता माल्टाच्या पंतप्रधानांचे कार्यालय आहे.

वाहक क्रमांक

महाराष्ट्रात वाहकाचा बिल्ला काढताना प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागते, आणि माझ्या ओळखीच्या पुष्कळांनी ते सेंट जॉनच्या वर्गातूनच घेतले. त्रिकोणी पट्टीची झोळी आणि न सरकणारी रीफ गाठ शिकलो, पण कागदावरच्या त्या चांदणीवजा चिन्हाकडे कोणी पाहिले नव्हते. एवढे मात्र शिकवले होते की तांबडा क्रॉस निराळा. जिनिव्हा करारांच्या १९६० च्या भारतीय कायद्यानुसार तो कोणालाही वाटेल तसा वापरता येत नाही.

प्रयोगवही

भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी अजून हजेरी लावलेली दिसत नाही, म्हणून लिहितो. विल्यम क्रुक्स यांनी १८७९ च्या सुमारास दाखवलेल्या निर्वात नळीत ॲल्युमिनियमचा माल्टीज क्रॉस बसवलेला असतो. ऋण टोकाकडून निघालेले किरण समोरच्या काचेवर आदळून तिला हिरवट उजळवतात, आणि क्रॉस उभा असला की त्या हिरव्या उजेडात त्याची काळी, धारदार सावली पडते. यावरून किरण सरळ रेषेत जातात हे दिसते. चुंबक जवळ आणला की सावली सरकते. म्हणजे हा साधा प्रकाश नव्हे. हे किरण म्हणजे इलेक्ट्रॉन, हे जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये सिद्ध केले.

माळावरचा वाटसरू

क्रॉसच का? साधी चकती चालली नसती?

प्रयोगवही

चालली असती. पण गोल सावली जराशी पसरली तरी गोलच दिसते. आठ टोके आणि चार खाचा असलेल्या आकाराची सावली पुसट झाली, तर ते टोकांपाशी ताबडतोब कळते. या नळीत क्रॉस बिजागरीवर असतो. काही वेळ सावली पाडून मग नळीला हलकी टिचकी मारून क्रॉस आडवा पाडला, की पूर्वी जिथे काळोख होता तिथे भोवतालपेक्षा अधिक उजळ क्रॉस दिसतो, कारण बाकीची काच किरणांच्या माऱ्याने थकलेली असते आणि तेवढा भाग ताजा राहिलेला असतो. प्रयोग करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. रंटगेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले ते अशाच नळ्यांवर काम करताना, तेव्हा व्होल्टेज गरजेपुरतेच ठेवावे आणि मुलांना नळीपासून लांब उभे करावे.